स्ट्रूपचा प्रयोग मराठीत: शब्द निवडण्यापासून आकडेमोडीपर्यंत

पडद्यावर शब्द आला आणि प्रयुक्ताने (प्रयोगात भाग घेणाऱ्याने) ७२० मिलिसेकंदांनी कळ दाबली. हा आकडा एकटा घेऊन काही कळत नाही. डोळ्यांनी अक्षरं टिपणं, अर्थ लागणं, उत्तर ठरणं, बोट हलणं आणि कीबोर्डचा स्वतःचा उशीर, सगळं त्यात एकत्र झालेलं असतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी १८६८मध्ये यावर वजाबाकीचा उपाय मांडला. एकाच टप्प्याचा फरक असलेली दोन कामं द्यायची आणि एकाच्या वेळेतून दुसऱ्याची वेळ वजा करायची. उरते ती त्या टप्प्याची वेळ. मधला एक टप्पा काढला तरी बाकीचे जसेच्या तसे राहतात, हे गृहीतक नंतर बरंच वादात सापडलं. तरीही बोधनिक मानसशास्त्रातले (अवधान, स्मृती, विचार यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेतले) बहुतेक प्रयोग आजही या वजाबाकीवरच चालतात. म्हणून प्रयोगाची जवळजवळ सगळी मेहनत एका गोष्टीत जाते: दोन स्थितींमध्ये हवा तेवढाच फरक राहावा, दुसरा कुठलाही शिरू नये.

स्ट्रूपच्या प्रयोगात हे फार स्पष्ट दिसतं, म्हणून तोच तपशिलात पाहू. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५मध्ये तो प्रसिद्ध केला. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला त्यांच्या प्रयुक्तांना सरासरी ६३.३ सेकंद लागले. तेच रंग दुसऱ्याच रंगांची नावं असलेल्या शब्दांच्या शाईत आले, तेव्हा ११०.३ सेकंद. उलट काम दिलं, म्हणजे रंगीत शाईतला शब्द नुसता वाचायला सांगितला, तर काळ्या शाईच्या तुलनेत शंभर शब्दांमागे जेमतेम २.३ सेकंद जास्त. वाचन इतकं सवयीचं झालेलं असतं की ते थांबवता येत नाही. रंगाचं नाव सांगण्याची तेवढी सवय नसते.

शब्द निवडणं

चार रंग घ्या: लाल, निळा, हिरवा, पिवळा. चौघांचा पहिला वर्ण वेगळा आहे, त्यामुळे पुढे तोंडी उत्तरं रेकॉर्ड करायची झाली तरी अडचण येत नाही. जांभळा, नारिंगी, गुलाबी टाळा. एकाला जांभळा वाटतो तो दुसऱ्याला निळा वाटतो आणि ती शंका प्रतिक्रियाकालात (शब्द दिसल्यापासून कळ दाबेपर्यंतच्या वेळेत) मिसळते.

स्थिती तीन: संगत (लाल रंगात 'लाल'), विसंगत (निळ्या रंगात 'लाल') आणि तटस्थ (रंगाशी संबंध नसलेला शब्द). खरी परीक्षा तटस्थ शब्दांत. ते रंगांच्या नावांइतक्याच अक्षरांचे हवेत, शक्यतो तशाच काना-वेलांटीचे, रोजच्या वापरातले, जोडाक्षर नसलेले. आणि रंगाची आठवण करून देणारे अजिबात नकोत. रक्त, पान, आकाश बाद होणार हे उघड आहे, फसवतात ते दुसरेच. 'पिवळा'च्या जोडीला 'चिवडा' घडणीने तंतोतंत जुळतो, पण हळदीमुळे तो डोळ्यांसमोर पिवळाच येतो. 'शिमगा' आला की सगळेच रंग आले. 'माठ' मातीचा घ्या नाही तर भाजीचा घ्या, लालीपासून सुटका नाही. या जोड्या चालतील: लाल–दार, निळा–जिना, हिरवा–चिमटा, पिवळा–ठिपका. यादी पक्की करण्याआधी प्रयोगात नसलेल्या दहा-बारा जणांना प्रत्येक तटस्थ शब्द दाखवून मनात येणारा पहिला शब्द लिहायला सांगा. दोन-तीन जणांनी जरी रंगाचं नाव लिहिलं, तरी तो शब्द बदला.

रंग आणि पडदा

पांढऱ्या पार्श्वभूमीवर पिवळा दिसत नाही आणि काळ्यावर शुद्ध निळा बुडतो. पार्श्वभूमी गडद करडी ठेवा आणि निळा थोडा उजळ करा. आरजीबीच्या ० ते २५५ मापात सुरुवातीला हे घ्या: पार्श्वभूमी ४०, ४०, ४०, लाल २३०, ५०, ५०, हिरवा ४०, १८०, ७०, निळा ७०, १४०, २५५, पिवळा २४०, २२०, ४०. नंतर तुमच्या पडद्यावर डोळ्यांनी जुळवा. लॅपटॉपचा 'नाइट लाइट' बंद असल्याची खात्री करा, नाही तर संध्याकाळच्या सत्रात निळा फिका पडतो. लाल-हिरवा रंगांधळेपणा पुरुषांमध्ये जास्त आढळतो. इशिहारा तक्ते असतील तर वापरा. नसतील तर सरावातच रंगीत चौकोन दाखवून चारही रंग नीट ओळखता येतात का, ते तपासा.

सायकोपाय हे प्रयोग चालवण्याचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि त्याच्या 'बिल्डर'मध्ये कोड न लिहिता हा प्रयोग उभा करता येतो. देवनागरीत एक घोळ होऊ शकतो. काही आवृत्त्यांत, काही फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि 'हिरवा' वाचता येत नाही. फॉन्ट बदलून फरक पडला नाही तर झगडत बसू नका. प्रत्येक शब्द-रंग जोडीचं पीएनजी चित्र करा आणि 'टेक्स्ट'ऐवजी 'इमेज' वापरा. सगळ्या चित्रांची लांबी-रुंदी एकच ठेवा, नाही तर 'लाल' मोठा आणि 'पिवळा' बारीक दिसेल.

कंडिशन्स फाइल

कधी काय दाखवायचं हे सायकोपाय या फाइलमधून वाचतं. एक्सेलमध्ये चार रकाने: चित्राचं नाव, रंग, स्थिती, बरोबर कळ. रकान्यांची नावं रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. एक ओळ म्हणजे एक चाचणी. एका ब्लॉकमध्ये, म्हणजे सलग घ्यायच्या एका तुकड्यात, ३६ ओळी:

– संगत १२: चार जोड्या, प्रत्येकी तीनदा.
– विसंगत १२: प्रत्येक शब्द उरलेल्या तिन्ही रंगांत एकेकदा.
– तटस्थ १२: प्रत्येक तटस्थ शब्द त्याच्या जोडीच्या रंगात सोडून बाकी तिन्ही रंगांत एकेकदा.

मोजून पाहा, प्रत्येक रंग बरोबर ९ वेळा येतो. असे चार ब्लॉक म्हणजे १४४ चाचण्या, प्रत्येक स्थितीच्या ४८.

या मांडणीत एक उणीव आहे, ती अहवालात लिहा. 'लाल' हा शब्द ब्लॉकमध्ये सहा वेळा येतो आणि त्यातल्या तीन वेळा तो लालच असतो. म्हणजे शब्दावरून रंगाचा अंदाज नकळत बांधता येतो. संगत चाचण्यांना त्याचा फायदा होतो आणि परिणाम थोडा फुगतो. ही मदत पूर्ण काढायची तर संगत जोड्या एकेकदाच दाखवाव्या लागतील. मग संगत चाचण्या खूप कमी उरतात आणि त्यांची सरासरी डळमळते. वर्गातल्या प्रात्यक्षिकाला वरची मांडणी चालेल. प्रबंधासाठी करत असाल तर चाचण्या वाढवून दुसरी निवडा.

क्रम संगणकाच्या हवाली करू नका. पूर्ण यादृच्छिक क्रमात एकच रंग लागोपाठ येतो आणि तेव्हा बोट आधीच तयार असतं. दुसरा धोका कमी दिसतो: आता जो शब्द दुर्लक्षित केला, तोच रंग पुढच्या चाचणीत उत्तर म्हणून आला तर उत्तराला उशीर होतो. दोन्ही टाळणारे क्रम आधीच करून ठेवा आणि 'लूप'मध्ये 'सिक्वेन्शियल' निवडा. नुसती यादी पुनःपुन्हा पिसून अटीत बसणारा क्रम सापडायला लाखो फेऱ्या लागतात. एकेक ओळ अटी तपासत निवडा आणि अडकलात तर पहिल्यापासून सुरू करा, काही क्षणांत होतं.

एका चाचणीत काय घडतं

१. मधोमध अधिक चिन्ह, ५०० मिलिसेकंद.
२. शब्द, उत्तर येईपर्यंत किंवा जास्तीत जास्त २५०० मिलिसेकंद.
३. रिकामा पडदा, ८०० ते १२०० मिलिसेकंद, दर वेळी वेगळा. ठरावीक ठेवला तर प्रयुक्त ताल पकडतो.

साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे ५०० म्हणजे ३० फ्रेम. ५१० मागितलेत तरी पडदा तुम्हाला जवळची फ्रेमच देणार. ब्लूटूथ कीबोर्ड नको, यूएसबीचा घ्या. त्याचाही काही मिलिसेकंदांचा उशीर असतो, पण तो सगळ्या स्थितींत सारखाच असल्यामुळे वजाबाकीत जातो. म्हणूनच निम्मे प्रयुक्त एका लॅपटॉपवर आणि निम्मे दुसऱ्यावर बसवले तरी एकाच व्यक्तीच्या आतली तुलना टिकते. दोन गटांची तुलना असेल आणि प्रत्येक गटाचं यंत्र वेगळं असेल, तर मात्र सगळंच बिघडतं.

बिल्डरमध्ये नवशिक्यांचं हमखास दोन ठिकाणी अडतं. रकान्याच्या नावाआधी डॉलरचं चिन्ह टाकायचं राहून जातं, किंवा चित्राच्या चौकटीशेजारी 'सेट एव्हरी रिपीट'ऐवजी 'कॉन्स्टंट' तसंच राहतं. कीबोर्डच्या भागात 'स्टोअर करेक्ट'वर खूण करून बरोबर कळेचा रकाना जोडायलाही विसरू नका. तो जोडला नाही तर नंतर चुका हाताने मोजाव्या लागतात.

उत्तरासाठी डी, एफ, जे, के या कळा, दोन्ही हातांची मधली बोटं आणि तर्जन्या. तर्जनी साहजिकच चपळ असते, म्हणून कळांच्या चार जुळण्या करा. प्रत्येक रंग प्रत्येक बोटावर एकदा आला पाहिजे. प्रयुक्तांची संख्या चारच्या पटीत ठेवली की प्रत्येक जुळणी समान वेळा वापरली जाते.

संगणक नसेल तर स्ट्रूपसारखीच कागदावर मांडणी करा. तीन कागद, प्रत्येकी ५० शब्द, स्टॉपवॉच. कागदांचा क्रम प्रयुक्तागणिक बदला. चुकीचं उत्तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, त्यात गेलेला वेळ एकूण वेळेत राहू द्या. अंगठ्याच्या उशिराचा काही दशांश सेकंद एवढ्या वेळेत खुपत नाही. फक्त कोणत्या शब्दावर किती वेळ गेला, हे या पद्धतीने कळत नाही.

प्रयुक्त आणि सूचना

किती जण लागतील? एकाच व्यक्तीच्या दोन स्थितींची तुलना, मध्यम परिणाम (फरकाचा आकार सांगणारं माप, कोहेनचा डी, ०.५), ८० टक्के शक्ती (खरा फरक सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असं ठरण्याची शक्यता) धरली तर ३४ जण पुरतात. चारच्या पटीत म्हणून ३६ घ्या. परिणाम ०.४ धरला तर ५२. जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर हा हिशेब करून देतं. स्ट्रूपचा परिणाम भक्कम आहे, त्यामुळे तो दिसेलच. पण दोन गटांमधला त्याचा फरक शोधायचा असेल तर ३६ जण फार अपुरे.

महाराष्ट्रात एक माहिती घेतलीच पाहिजे: शिक्षणाचं माध्यम. इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा घरी अस्खलित मराठी बोलत असतो, पण देवनागरी वाचताना त्याचा वेग कमी असू शकतो. वाचन जितकं कमी सवयीचं, तितका शब्दाचा व्यत्यय कमी. मग त्याचा आकडा लहान दिसतो आणि अवधानावरचा ताबा चांगला असल्याचा भ्रम होतो. म्हणून माध्यम, कितव्या वर्षी मराठी वाचायला सुरुवात झाली आणि रोज मराठी किती वाचता, हे तीन प्रश्न विचारा. शक्य असेल तर अनोळखी उतारा एक मिनिट मोठ्याने वाचून घ्या आणि शब्द मोजा.

तोंडी संमती पुरेशी मानू नका, लेखी घ्या. कधीही थांबता येईल हे त्यात लिहिलेलं हवं. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाचाही होकार, दोन्ही हवेत. फाइलवर नाव नको, क्रमांक हवा. नाव आणि क्रमांकाची यादी वेगळी, कुलपात.

सूचना पडद्यावर लिहा आणि सगळ्यांना तीच द्या: "पडद्यावर एकेक शब्द येईल. अक्षरं कोणत्या रंगात आहेत ते पाहून त्या रंगाची कळ दाबा. शब्द कोणता आहे त्याकडे लक्ष देऊ नका. चूक न करता होईल तितक्या लवकर उत्तर द्या." शेवटच्या वाक्यातला एकही भाग गाळू नका. नुसतं 'लवकर' म्हटलंत तर चुकांचा पाऊस पडतो. नुसतं 'न चुकता' म्हटलंत तर सगळे इतके सावकाश होतात की फरक दिसेनासा होतो. डोळे बारीक करून अक्षरं धूसर करण्याची युक्ती काहींना आपोआप सापडते. ती करू नये असं सांगा आणि लक्षही ठेवा.

सरावात आधी रंगीत चौकोनांच्या ३२ चाचण्या घ्या, त्यातून कळा बोटांत बसतात. नंतर खऱ्या शब्दांच्या १२. बरोबर-चूक फक्त सरावात दाखवा. चौकोनांवर ९० टक्के बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ नका. कळा पाठ नसताना सुरू केलं तर पहिला ब्लॉक कळा शोधण्यातच जातो. सूचना, सराव आणि विश्रांती धरून पंधरा-वीस मिनिटं लागतात.

माहितीची छाननी

नियम माहिती पाहण्याआधी लिहून ठेवा. आकडे पाहून ठरवलेली मर्यादा नकळत हव्या त्या निष्कर्षाकडे झुकते. साधे नियम पुरतात: प्रत्येक ब्लॉकची पहिली चाचणी काढा, चुकलेल्या चाचण्या प्रतिक्रियाकालातून काढा, पण चुकांचं प्रमाण वेगळं मोजा, २०० मिलिसेकंदांखालची उत्तरं काढा, एवढ्या वेळात चारांतून रंग ओळखून कळ दाबणं शक्य नाही. मग त्या व्यक्तीच्या त्या स्थितीच्या सरासरीपासून अडीच प्रमाण विचलनांपलीकडची (प्रमाण विचलन म्हणजे सरासरीभोवती आकडे किती पसरले आहेत त्याचं माप) काढा. एकूण अचूकता ८५ टक्क्यांखाली असलेल्या प्रयुक्ताची माहिती वगळा आणि असे किती होते ते लिहा.

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली तर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं येऊ शकतात. 'डेटा' टॅबमधून युटीएफ-८ निवडून आत घ्या. मूळ फाइल कधीही बदलून जतन करू नका, काम प्रतीवर करा.

आता प्रत्येक प्रयुक्ताची तीन सरासरी. समजा एकाची संगत ६९०, तटस्थ ७२०, विसंगत ८०५ मिलिसेकंद आली. व्यत्यय म्हणजे विसंगत वजा तटस्थ, ८५. साहाय्य म्हणजे तटस्थ वजा संगत, ३०. साहाय्य व्यत्ययापेक्षा लहान येणं नेहमीचंच आहे. उलट आलं तर आधी तटस्थ शब्द तपासा, ते अवघड असणार. फरक नुसत्या योगायोगाचा आहे का, हे तपासायला तिन्ही स्थितींसाठी पुनरावृत्त मापनांचं प्रसरण विश्लेषण (रिपीटेड मेझर्स अनोव्हा) आणि जोड्यांसाठी जोडीचं टी परीक्षण, दोन्ही जॅस्प या सॉफ्टवेअरमध्ये मोफत होतात. नंतर चुकांचा तक्ता शेजारी ठेवा. विसंगत स्थितीत वेळ वाढला नाही पण चुका दुप्पट झाल्या, तर व्यत्यय आहेच. त्याने वेळेऐवजी अचूकता खाल्ली.

एक मोह आवरायलाच हवा. या आकड्यावरून एखाद्या विद्यार्थ्याला 'अवधान कमकुवत' ठरवू नका. स्ट्रूपसारख्या कामांत जवळजवळ प्रत्येकाला व्यत्यय होतो, म्हणूनच परिणाम इतका ठाम येतो. पण त्याच कारणाने माणसामाणसांतला फरक लहान राहतो. शिवाय वजाबाकी दोन्ही स्थितींतली त्रुटी एकत्र करते. त्यामुळे महिन्याभराने तोच प्रयोग पुन्हा घेतला तर लोकांचा क्रम बराच हलतो. स्थितींच्या तुलनेसाठी हे साधन उत्तम आहे, माणसांच्या क्रमवारीसाठी कच्चं.

प्रश्न वेगळा, काम वेगळं

प्रयुक्ताला वाचता येत नसेल तर एरिक्सन दांपत्याचं १९७४चं फ्लँकर काम घ्या. पाच बाण दाखवायचे आणि मधल्याची दिशा सांगायची. बाजूचे बाण उलटे असले की वेळ वाढतो. मूळच्या अक्षरांऐवजी असे बाण घेतले की ते लहान मुलांनाही जमतं.

स्मृतीतला शोध किती वेगाने होतो हे पाहायचं असेल तर सॉल स्टर्नबर्ग यांचं १९६६चं काम. एक ते सहा अंक पाठ करायला द्या, मग एक अंक दाखवून तो यादीत होता का विचारा. इथे पाहायचा तो यादीची लांबी आणि लागलेला वेळ यांच्या आलेखातल्या रेषेचा चढ. स्टर्नबर्ग यांना यादीतल्या प्रत्येक वाढीव अंकामागे साधारण ३८ मिलिसेकंद मिळाले. कीबोर्डचा उशीर, बोटाची गती असं सगळं रेषेच्या सुरुवातीच्या उंचीत जातं आणि चढ स्वच्छ राहतो.

माहिती थोडा वेळ मनात धरून ठेवणं कितपत जमतं हे पाहायचं असेल तर एन-बॅक. त्यात एकामागोमाग अक्षरं दाखवायची आणि दोन जागा आधीचं अक्षर पुन्हा आलं की कळ दाबायची. देवनागरीत करताना क, ख, ग, घ अशी एकाच वर्गातली अक्षरं एकत्र घेऊ नका, उच्चार सारखे असले की स्मृतीत गल्लत होते. क, ट, र, स, प, न, ह अशी दूरची घ्या. एक आणि तीन जागा आधीची अक्षरंही मध्ये पेरा, नाही तर प्रयुक्त नुसत्या ओळखीवर उत्तर देतो. गुण टक्क्यांत मोजू नका. सतत कळ दाबणाऱ्यालाही सगळी लक्ष्यं (दोन जागांनी पुन्हा आलेली अक्षरं) मिळतात. डी-प्राइम काढा, म्हणजे लक्ष्यं इतर अक्षरांपासून किती नीट वेगळी ओळखली त्याचं माप. समजा २० लक्ष्यांपैकी १६ बरोबर आणि ४० इतर अक्षरांपैकी ४ वर चुकून कळ दाबली. शंभर किंवा शून्य टक्के आले तर गणित अडतं, म्हणून अंशात ०.५ आणि छेदात १ मिळवा. १६.५ भागिले २१ म्हणजे ०.७८६, आणि ४.५ भागिले ४१ म्हणजे ०.११०. दोन्हींचे झेड (त्या प्रमाणाची प्रमाण सामान्य वितरणातली जागा) अनुक्रमे ०.७९ आणि उणे १.२३. वजा केल्यावर डी-प्राइम २.०२.

अंकविस्तार म्हणजे ऐकलेले किती अंक लगेच त्याच क्रमाने परत सांगता येतात ते मोजणं. त्याला संगणकही लागत नाही. दर सेकंदाला एक अंक, सपाट आवाजात. मोबाइल नंबर सांगतो तसे गट पडू देऊ नका आणि शेवटच्या अंकावर आवाज खाली आणू नका, कारण दोन्हींमुळे आठवणं सोपं होतं. एकाच्या आवाजात सगळ्या याद्या रेकॉर्ड करून सर्वांना त्याच ऐकवा. यादीत २, ३, ४ असे लागोपाठचे अंक आणि ११, ४७ असे दोन अंकी आकडे नकोत. प्रत्येक लांबीच्या दोन याद्या द्या आणि दोन्ही चुकल्या की थांबा.